शिरगणतीच्या नोंदींतून पूर्वजाचा माग

प्रश्न : माझी सून मूळची इंग्लंडमधील ब्रॅडफर्डची आहे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असल्यामुळे नातीला तिच्या आईकडचीही वंशावळ तयार करून द्यावी, असे मनात आले. सुनेच्या आजोबांच्या पणजोबांच्या नोंदी तीन जनगणनांत सापडल्या. १८५१ मध्ये ते लँकेशायरमधील प्रेस्टन येथे आईवडिलांजवळ राहत आहेत; वय १३, काम ‘सूतगिरणीत पीसर’. १८६१ मध्ये ते प्रेस्टनमध्येच आहेत. वय २१, यंत्रमागावर विणकर, विवाहित. १८७१ मध्ये मात्र ते यॉर्कशायरमध्ये, ब्रॅडफर्डला दिसतात; वय ३१, काम लोकरीच्या गिरणीत. पत्नीचा जन्म आयर्लंडचा, ९ वर्षांच्या मुलीचा प्रेस्टनचा आणि ५ व २ वर्षांच्या मुलग्यांचा ब्रॅडफर्डचा आहे. पहिल्या नोंदीतील वय पुढच्या दोन नोंदींशी जुळत नाही. हा माणूस एकच की दोन वेगवेगळे? आणि त्याने गाव का सोडले असावे?

उत्तर : माणूस एकच असावा असे सकृद्दर्शनी वाटते, परंतु ते मान्य करण्यापूर्वी वयांचा हिशेब नीट मांडला पाहिजे. ब्रिटिश जनगणनेत त्या रात्रीपर्यंत पूर्ण झालेले वय लिहिले जाई आणि जनगणनेची तारीख दर वेळी थोडी वेगळी असे : १८५१ मध्ये ३० मार्च, १८६१ मध्ये ७ एप्रिल आणि १८७१ मध्ये २ एप्रिल. १८६१ मधील २१ आणि १८७१ मधील ३१ ही दोन्ही वये खरी धरली, तर जन्म ८ एप्रिल १८३९ ते २ एप्रिल १८४० या अवधीत पडतो. म्हणजे १८५१ मध्ये हा मुलगा फार तर ११ वर्षांचा असायला हवा होता, आणि नोंद मात्र १३ ची आहे.

या १३ च्या आकड्याकडे संशयाने पाहायला जागा आहे. १८४४ च्या कारखाना कायद्याने ८ ते १३ वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला साडेसहा तासांपुरते मर्यादित केले होते आणि त्यांना रोज तीन तास शाळेत बसवणे बंधनकारक केले होते. वयाची तेरा वर्षे भरली की ही अडचण दूर होई आणि मुलाला अधिक तास, अर्थात अधिक मजुरी मिळे. पीसर म्हणजे सूत कातण्याच्या यंत्रावर तुटलेले धागे चालत्या यंत्रापुढे वाकून हाताने जोडणारा पोरगा. मुलाच्या कमाईवर घर अवलंबून असले, की गिरणीत सांगितलेले वाढीव वयच दारात आलेल्या गणनाधिकाऱ्यालाही सांगितले जाण्याचा संभव असतो. अर्थात हा तर्क झाला, पुरावा नव्हे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली असल्यामुळे या मुलाच्या जन्माचा दाखला मिळण्याची शक्यता चांगली आहे, आणि त्यानेच हा प्रश्न सुटेल.

दाखला शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नोंदणीची सूची त्रैमासिक आहे आणि नोंदणीसाठी ४२ दिवसांची मुभा होती. त्यामुळे मार्चमध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव पुढच्या तिमाहीत सापडू शकते. दुसरे असे, की नोंदणी न केल्यास पालकांना दंड ही तरतूद १८७४ च्या कायद्याने, १८७५ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या काळात काही जन्म नोंदवायचे राहूनच गेले आहेत. दाखला नसेल तर चर्चमधील बाप्तिस्म्याची वही पाहावी. दाखला मिळाला, तर त्यावरील वडिलांचे नाव व व्यवसाय १८५१ मधील कुटुंबप्रमुखाशी ताडून पाहावा.

त्याआधी मात्र मूळ पानाची प्रतिमा स्वतः पाहा; संकेतस्थळांवरील टंकलिखित नोंदीवर विसंबू नका. त्या काळी प्रत्येक घरात एक तक्ता दिला जाई, आणि गणनाधिकारी तो भरून घेऊन आपल्या वहीत उतरवून काढी. घरोघरचे ते तक्ते पुढे नष्ट करण्यात आले, म्हणून १९०१ पर्यंत आपल्या हाती येते ती नक्कलच. शिवाय या वह्या लंडनला गेल्यावर तेथील कारकून आकडेमोड करताना वयाच्या रकान्यावर पेन्सिलीने रेघा मारीत. अशी एक रेघ १ ला ७ चे रूप देते, तर ३ ला ८ चे. शंभर-दीडशे वर्षांनी ते पान वाचणाऱ्याला शाईची खूण कोणती आणि पेन्सिलीची कोणती, हे नेहमी उमगतेच असे नाही.

आता गाव सोडण्याविषयी. दोन जनगणनांमधल्या दहा वर्षांत कुटुंब कोठे होते, हे सांगणारा सर्वांत भरवशाचा रकाना म्हणजे मुलांच्या जन्मस्थळाचा. मुलगी एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६२ या दरम्यान प्रेस्टनला जन्मली आणि मोठा मुलगा एप्रिल १८६५ ते एप्रिल १८६६ या दरम्यान ब्रॅडफर्डला, म्हणजे स्थलांतर या दोन जन्मांच्या मधल्या काळात झाले असले पाहिजे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची कोंडी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा आटला. १८६२ च्या अखेरीस हे संकट शिगेला पोहोचले. इतिहासात ते ‘लँकेशायरचा कापूस दुष्काळ’ म्हणून ओळखले जाते. मुंबईच्या कापूस बाजारात ज्या युद्धाने पैशाचा पूर आणला आणि १८६५ मध्ये ते संपताच ज्याने अनेक पेढ्या बुडवल्या, तेच हे युद्ध. अमेरिकी कापसाच्या जागी आलेल्या हिंदी कापसाला तिकडचे कामगार सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि नावे ठेवीत; त्याचा धागा आखूड असल्यामुळे तो वारंवार तुटे, आणि विणलेल्या मालावर मजुरी मिळवणाऱ्या विणकराचे त्यात नुकसान होई.

काम गेलेल्या कुटुंबांपुढे मोजकेच मार्ग होते. मदत समित्यांकडे किंवा गरीब कायद्याखालील पालक मंडळाकडे (गरिबांना मदत देणाऱ्या स्थानिक मंडळाकडे) हात पसरणे, १८६३ च्या कायद्यान्वये काढलेल्या रस्ते, गटारे व उद्याने यांच्या कामावर जाणे, परदेशी निघून जाणे, किंवा पेनाइन डोंगररांग ओलांडून यॉर्कशायर गाठणे. सुती कापड महागल्यामुळे तेथील लोकरी कापडाला मागणी वाढली होती, आणि तलम लोकरी कापडाचे मुख्य केंद्र ब्रॅडफर्डच होते. यंत्रमाग चालवता येणाऱ्या तरुणाने तिकडे जाणे अगदी स्वाभाविक म्हणावे लागेल.

येथेच बहुतेक वंशावळींची गाडी घसरते. एखादी मोठी घटना योग्य वर्षी सापडली, की तिलाच कारण ठरवून मोकळे होण्याचा मोह आवरत नाही. परंतु प्रेस्टनमधील बहुसंख्य विणकर त्या संकटातही प्रेस्टनलाच राहिले, आणि बरे दिवस असतानाही माणसे गाव सोडीतच होती. एखादा सासरच्या माणसांपाठोपाठ जाई, एखादा मुकादमाशी भांडून. इतिहास आपल्याला कोणत्या वर्षांचे आणि कोणत्या प्रकारचे कागद चाळावेत हे सांगतो. त्या कागदांत काय निघेल, हे सांगत नाही.

म्हणून पुढची पायरी सुचवतो. मुलगी ९ वर्षांची आणि तिच्या पाठचा मुलगा ५ वर्षांचा, हे अंतर त्या काळच्या कुटुंबात डोळ्यांत भरण्याजोगे आहे. मधले एखादे मूल १८७१ पूर्वीच दगावले असण्याची शक्यता बरीच आहे, आणि दोन जनगणनांच्या मध्ये जन्मून मेलेले मूल जनगणनेत कधीच दिसत नाही. नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत आईचे माहेरचे आडनाव दिलेले असते. ते आडनाव आपल्याला मुलीच्या जन्मदाखल्यावर मिळेल. ते घेऊन १८६२ ते १८६५ या वर्षांतील जन्म प्रेस्टन व ब्रॅडफर्ड या दोन्ही नोंदणी जिल्ह्यांत शोधा. असे मूल सापडले, तर त्याच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या दाखल्यांवरील ठिकाणे पाहून स्थलांतराचा काळ काही महिन्यांपर्यंत आवळता येईल. तो १८६२-६३ च्या हिवाळ्याच्या आसपास निघाला, तर कापूस दुष्काळाच्या बाजूने पारडे बरेच झुकेल. १८६५ निघाला, तर दुसरे कारण शोधावे लागेल. पालक मंडळाची उरलेली कागदपत्रे आणि त्या काळची स्थानिक वृत्तपत्रे त्यानंतर पाहावीत. प्रेस्टनमध्येच लँकेशायरचे अभिलेखागार आहे.

जाता जाता एक खुलासा, कारण तो अनेक वाचक विचारतात. आपल्याकडे असा शोध घेता येत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तींच्या नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत. प्रसिद्ध होतात ते एकत्रित आकडे. ब्रिटनमध्ये मात्र शंभर वर्षे झाली की नावानिशी नोंदी खुल्या होतात.

प्रश्न : याच पूर्वजांच्या पत्नीचे जन्मस्थळ म्हणून नुसते ‘आयर्लंड’ लिहिले आहे. तिचे गाव कसे शोधावे? आयर्लंडची जनगणना पाहून उपयोग होईल का?

उत्तर : फारसा होणार नाही. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांच्या जवळजवळ सर्व नोंदी ३० जून १९२२ रोजी, आयरिश यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील अभिलेखागार भस्मसात झाले तेव्हा जळाल्या. १८६१ ते १८९१ च्या नोंदी सरकारने त्याआधीच नष्ट केल्या होत्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांतील काहींचा चक्क लगदा करण्यात आला. १९२२ पूर्वीच्या जनगणनांपैकी संपूर्ण अशा १९०१ आणि १९११ च्याच उरल्या आहेत. त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

तेव्हा शोधाची सुरुवात इंग्लंडमधूनच करावी. हे कुटुंब १८८१ आणि त्यापुढील प्रत्येक जनगणनेत पाहा, कारण एखादा काटेकोर गणनाधिकारी देशाबरोबर परगण्याचेही नाव लिहून ठेवी. विवाहाच्या दाखल्यावर वधूच्या वडिलांचे नाव आणि व्यवसाय मिळेल. वधू कॅथलिक असल्यास प्रेस्टनच्या कॅथलिक चर्चची विवाहनोंद अवश्य पाहा. तेथे क्वचित मूळ पॅरिशचाही, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील मुलखाचाही, उल्लेख असतो. पॅरिश कळली, की आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेल्या कॅथलिक पॅरिश नोंदवह्या आणि १८४७ ते १८६४ या काळात झालेली ग्रिफिथ यांची मालमत्ता मोजणी, हे दोन मार्ग खुले होतात. या मोजणीत घर किंवा जमीन ताब्यात असलेल्यांचीच नावे आहेत, त्यामुळे बटाट्याच्या रोगाने पडलेल्या १८४५ नंतरच्या महादुष्काळात तिचे कुटुंब आधीच देशोधडीला लागले असेल, तर त्यांचे नाव तेथे नसणार.

एक आडवाटेचा दस्तऐवज तपासून पाहण्यासारखा आहे. १९०८ च्या कायद्याने सत्तरीनंतरच्या गरजूंना १ जानेवारी १९०९ पासून निवृत्तिवेतन मिळू लागले. आयर्लंडमध्ये सर्वांसाठी जन्मनोंदणी १८६४ मध्ये सुरू झालेली असल्यामुळे म्हाताऱ्यांजवळ वयाचा पुरावा नसे. मग अर्जदाराच्या सांगण्यावरून १८४१ व १८५१ च्या जनगणनेत त्याच्या लहानपणीच्या घरातील नोंद शोधली जाई. मूळ वह्या पुढे जळाल्या, पण या शोधाची अर्जपत्रे शिल्लक आहेत आणि त्यांत अर्जदाराच्या आईवडिलांची नावे व गाव असते. या बाईंचा किंवा त्यांच्या भावंडांपैकी कोणाचा अर्ज त्यांत निघाला, तर गावाचा प्रश्न एका कागदात सुटेल.

प्रश्न : १९२१ नंतरच्या पिढ्यांसाठी काय पाहावे?

उत्तर : इंग्लंड व वेल्सची १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये आगीत नष्ट झाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्यांच्या जागी २९ सप्टेंबर १९३९ रोजी ओळखपत्रांसाठी केलेली नोंदवही वापरावी. तीत वयाऐवजी पूर्ण जन्मतारीख असते आणि ही वही पुढे अनेक वर्षे आरोग्य सेवेच्या कामासाठी वापरात राहिल्यामुळे नंतर लग्न झालेल्या कित्येक स्त्रियांची नवी आडनावेही तीत लिहिलेली आढळतात. अजून हयात असू शकणाऱ्या व्यक्तींच्या ओळी झाकलेल्या असतात. १९२१ ची नोंद पाहताना, त्या वर्षीची जनगणना कामगारांच्या संघर्षामुळे एप्रिलऐवजी १९ जूनला झाली होती, हे विसरू नका. उन्हाळी सुटीचे दिवस असल्यामुळे कुटुंब घरच्या पत्त्यावर न सापडल्यास समुद्रकाठच्या गावांतील खानावळींचे तक्तेही पाहावेत.