शेतावर जायला जिम्नी: झीटा घ्यावी की अल्फा?

वेल्ह्याच्या पुढे शेत, शेवटचे 3 किलोमीटर कच्चा रस्ता, मारुतीची जिम्नी पक्की झालीय पण झीटा की अल्फा हे व्हेरियंट ठरत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी भोरकडे आमच्या रानात झीटा मॅन्युअल घेऊन जातो, हा दुसरा पावसाळा. माझं मत विचाराल तर झीटा घ्या आणि वाचलेल्या पैशांतून आधी टायर बदला.

फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद), लो रेंज (हळू पण जास्त ओढीने चालायचे गिअर), 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, 1.5 लिटरचं इंजिन, 6 एअरबॅग हे दोन्हींत सारखंच आहे. अल्फात एलईडी दिवे, 9 इंची स्क्रीन, ऑटो एसी, क्रूझ कंट्रोल आणि अलॉय व्हील मिळतात. दर आठवड्याला हायवेवर लांबचा पल्ला असेल तर अल्फा घ्या, ते सुख खरंच मोठं आहे. (हा हिशोब थारला लावू नका. 2024 मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली तेव्हा पेट्रोलमध्ये फोर-बाय-फोर नव्हतंच. तिथे व्हेरियंट बघूनच पैसे भरा.)

झीटाला लोखंडी रिम येते. गेल्या जुलैत ओढ्याच्या उतारावर चिखलाखालचा दगड दिसला नाही, रिमची कड दुमडली आणि हवा गेली. गावातल्या पंक्चरवाल्याने हातोड्याने ठोकून कड सरळ केली, अर्ध्या तासात निघालो. अलॉय तडकलं असतं तर नवीन आणावं लागलं असतं.

कंपनीचे टायर हायवेच्या जातीचे. आपली लाल माती खाचांत भरली की ते पार गुळगुळीत होतात. त्याच 195/80 आर15 मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि चिखल दोन्हींवर चालणारे खोल खाचांचे टायर बसवा. मोठ्या मापाच्या नादी लागू नका, 105 पीएसच्या इंजिनला ते चढावर जड जातात.

आणखी एक, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. जिम्नीला डिफरन्शियल लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र बांधून फिरवायची सोय, नाही. जागेवर फिरणाऱ्या चाकाला गाडी आपोआप ब्रेक लावते आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. पहिल्यांदा अडकलो तेव्हा मागचं डावं चाक गरगरताना बघून मी घाबरून पाय उचलला, गाडी आणखी रुतली. लो रेंज टाकून पाय एकसारखा ठेवला तर खालून करकर आवाज येतो, दोन-तीन सेकंद जातात आणि मग गाडी हळूच पुढे सरकते. तेवढा धीर धरा. कोरड्या डांबरावर मात्र टू-व्हील ड्राइव्हमध्येच (ताकद फक्त मागच्या दोन चाकांना) चालवा.

गिअर मॅन्युअल घ्या. ऑटोमॅटिकला 4च गिअर आहेत, आणि घाट उतरताना गाडी गिअरवर धरायला मॅन्युअल मला जास्त भरवशाचं वाटतं.

ॲक्सेसरीजमध्ये ओढायचा चांगला पट्टा आणि हवा भरायचा छोटा पंप एवढं पुरे. टपावर कॅरिअर लावू नका, ही गाडी अरुंद आणि उंच आहे, वर वजन गेलं की आडव्या उतारावर झुकते. खताची पोती मागची सीट पाडून आतच ठेवा.