मुस्तफाला तळघरात उतरवायचंय, डॉली कुठली घेऊ?

प्रश्न : नमस्कार दादा, मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, लहानपण कल्याणला गेलं. स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाची नाणी घालून 'मुस्तफा' खेळायचो आम्ही, तर तेच मशीन इथे पेनसिल्व्हेनियात एका माणसाकडे मिळालंय, चालू अवस्थेत. प्रॉब्लेम असा की ते त्याच्या बेसमेंटमध्ये आहे आणि मला माझ्या बेसमेंटमध्ये न्यायचंय. त्याच्याकडे १३ पायऱ्या वर, कार्पेटवाल्या, माझ्याकडे १२ पायऱ्या खाली, उघड्या लाकडी. मशीन ७० इंच उंच, २७ रुंद, ३२ खोल, वजन ३०० पौंडांच्या आसपास असेल म्हणतो तो. ऑनलाइन तीन-तीन चाकांच्या गुच्छाची पायऱ्या चढणारी डॉली, म्हणजे सामान हलवायची हातगाडी, दिसतेय, ४४० पौंड कपॅसिटी लिहिलंय, स्वस्त पण आहे. घेऊ का? आम्ही तिघं मित्र आहोत. बायको म्हणते मूव्हर्स बोलव.

उत्तर : आधी न खेळलेल्यांसाठी सांगतो, मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स', त्यातल्या मुस्तफा कैरो नावाच्या पिवळ्या टोपीवाल्यामुळे आपल्याकडे अख्ख्या गेमला मुस्तफाच म्हणायचे. तुम्ही ते शोधून काढलंत, हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

ती तीन चाकांची डॉली घेऊ नका. मी घेतली होती, म्हणून सांगतोय.

त्या ४४० च्या आकड्याचं काय असतं की तो सपाट जमिनीवरचा असतो, गोडाऊनच्या फरशीवर गाडी वाकू नये यासाठीचा. पायरीवर हिशोब वेगळा. इथल्या घरांच्या बांधकामाच्या नमुना नियमांत, म्हणजे कोडमध्ये, पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच आणि खोली कमीत कमी १० इंच, म्हणजे जिना साधारण ३८ अंशांचा, काही राज्यांत आणि जुन्या घरात त्याहूनही उभा. या उतारावर मशीन अधांतरी असतं तेव्हा वजनाचा जवळपास ६० टक्के भाग खाली ओढत असतो. मशीन ३०० आणि डॉली ५० धरली तर २१० पौंड, म्हणजे ९५ किलो तुमच्या हातात. पण चाकं एका पायरीवर नीट टेकली आणि मागच्या उभ्या फळीला लागली की तेच वजन पायरीवर जातं आणि तुम्ही श्वास घेऊ शकता, घाम पुसू शकता, पाणी मागू शकता. म्हणून डॉली घेताना ती चढते कशी हे नंतर बघा, आधी प्रत्येक पायरीवर ती थांबते कशी हे बघा.

तीन चाकांचा गुच्छ इथेच मार खातो. तो फिरतो, थांबत नाही. वर ओढताना एक चाक पायरीवर येतं, धाडकन पुढचं पडतं आणि जरा हात सैल झाला की गुच्छ उलटा फिरून मागच्या पायरीवर. ५०-६० पौंडांच्या सामानाला मजा वाटते, ३०० ला नाही. शिवाय प्रत्येक धाडकन् मॉनिटरला बसतो. जुना काचेचा पिक्चर ट्यूब असणार तुमच्यात, त्याची मागची मान म्हणजे बारीक काचेची नळी, तिथे तडा गेला की हवा शिरते आणि ट्यूब गेला.

तुम्हाला हवी ती अप्लायन्स डॉली, फ्रिज हलवायची असते ती. उंच फ्रेम, खाली चपटी पोलादी जीभ, बाजूला रॅचेटवाला, म्हणजे कळीने आवळून घट्ट होणारा पट्टा, आणि मुख्य म्हणजे फ्रेमच्या पाठीला दोन्ही बाजूंनी रबरी पट्टे, काहींना ते रणगाड्यासारखे फिरणारे असतात. मशीन मागे कलवलं की हे पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात, त्यामुळे चाकं मधेच असली तरी गाडी कडांवर सरकत जाते, पडत नाही. काही डॉल्यांना मागे दोन छोटी जादा चाकं उघडतात, सपाट जागेवर कलवलेलं मशीन त्यावर टेकवता येतं, हे असेल तर डोळे मिटून तीच घ्या कारण ड्राइव्हवेवर कमरेचा फार फायदा होतो. चाकं भरीव रबराची बघा, हवेची गवतावर छान पण पायरीवर चेंडूसारखी उसळतात, आणि एकात हवा कमी असली की मशीन एका अंगाला. विकत घेण्यात अर्थ नाही, तुम्ही काय दर रविवारी मुस्तफा उतरवणार आहात? यू-हॉलकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानाच्या भाडे-काउंटरवर दिवसाच्या भाड्याने मिळते. रॅचेट तिथेच दोनदा उघडून लावून बघा आणि एक जास्तीचा पट्टा बरोबर ठेवा.

मोटरवाली पण असते, बॅटरीवर चालते, यंत्र स्वतःच एकेक पायरी उचलतं. एस्कलेरा नावाची कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे, पिनबॉलची जड मशीनं हलवणारे लोक तिच्यावर जीव टाकतात. भाड्याने मिळाली तर त्या १३ पायऱ्या वर चढवायला आणा, चढवणंच खरं जीव काढतं. पण तिच्याबरोबरही दोन माणसं लागतात, आणि पायरी रुंदीला अपुरी किंवा जिना वळणाचा असेल तर उपयोग कमी.

आता मशीनकडे या. खाली चार कोपऱ्यांना लेव्हलर असतात, स्क्रूचे पाय, ते काढून ठेवा. माझी चूक हीच झाली. मित्राच्या बेसमेंटमध्ये उतरवताना मी ते तसेच ठेवले, चौथ्या पायरीवर एक लेव्हलर पायरीच्या कडेत अडकला, वर मी, खाली मित्र, गाडी पुढे गेली आणि लेव्हलर मागेच राहिला. तो जिथे बसवला होता तो भुशाच्या फळीचा कोपरा खारी बिस्किटासारखा सुटून आला, वाटीभर भुसा पायरीवर. मशीन पडलं नाही कारण रॅचेट धरून होता, पण मी आणि मित्र पुढची दहा मिनिटं एकमेकांशी बोललो नाही.

डॉली मशीनच्या पाठीला लावा, समोरून नाही. पाठ सपाट असते, समोर कंट्रोल पॅनल पुढे आलेलं असतं, आणि बाजूला लावली तर स्टिकरचं चित्र खरवडतं जे परत मिळत नाही. फक्त लक्षात ठेवा, मॉनिटर वर आणि पुढे असल्याने वजन समोर असतं, त्यामुळे मागे कलवताना सुरुवातीला मशीन हलतच नाही आणि मग एकदम अंगावर येतं. पहिल्या कलवण्याला दोघांनी समोरून धरा. मागचं दार किल्लीने बंद करून वर टेप, नाण्यांच्या दाराला टेप, आत लोंबणारा बोर्ड किंवा सुटी वायर असेल तर बांधून टाका. पट्टा नाण्यांच्या दाराच्या उंचीवर एक आणि वरच्या बाजूला एक, दोन्हीखाली जुनी चादर दुमडून, आणि काचेवर किंवा जॉयस्टिकवर पट्टा अजिबात नको.

मुस्तफा तीन जणांचा गेम, त्यामुळे तुमच्या मशीनचं कंट्रोल पॅनल बऱ्याचदा कॅबिनेटपेक्षा रुंद असतं. तुम्ही २७ इंच मोजलंय ते कॅबिनेटचं की पॅनलचं, परत मोजा. बेसमेंटचं दार २८-३० इंचांचं असलं तर पॅनल अडकेल. बहुतेक पॅनल आतून दोन क्लिपांवर असतं, वायरचे कनेक्टर फोटो काढून सोडवा. मॉनिटर मात्र स्वतः काढू नका, ट्यूबमध्ये बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो, वीसेक किलो वजन कमी करायच्या नादात झटका कशाला.

जिन्यावर नियम एकच, चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा हँडलवाला वरच्या बाजूला, मशीन त्याच्या खाली. म्हणजे माझ्या वेळी मी वर आणि मित्र खाली. खालचा माणूस तोल सांभाळायला, वजन धरायला नाही, आणि तो मशीनच्या सरळ रेषेत नको, बाजूला. सुटलं तर त्याने बाजूला व्हायचं, अडवायचं नाही. तिसऱ्याने डॉलीच्या फ्रेमला बांधलेली जाड दोरी वर धरायची. जिन्याच्या वरच्या तोंडाशी, म्हणजे बहुधा किचनमध्ये, कलवलेली डॉली आणि माणूस मावायला सात-आठ फूट मोकळं लागतं, तिथे टेबल असेल तर आदल्या रात्री हलवा. आणि हो, आपल्याकडे घरात शिरताना चपला काढायची सवय असते, त्या कार्पेटच्या जिन्यावर मोजे घालून उभे राहिलात तर मशीनआधी तुम्ही खाली. बूट घाला, त्या माणसाला आधी सांगा, तो हरकत घेणार नाही.

तुमच्या उघड्या लाकडी जिन्याची मला जास्त काळजी वाटते. कोडप्रमाणे एकेका पायरीने एका जागी पडणारा ३०० पौंडांचा भार सोसायला हवा, पण मशीन, डॉली आणि वर तुम्ही मिळून पाचशेच्या वर जातं, ते दोन-तीन पायऱ्यांत वाटलं जातं म्हणून चालतं. आधी खालून टॉर्च मारून बघा, पायऱ्या ज्या तिरप्या फळ्यांवर बसवल्यात त्यांना तडा आहे का, खिळे वर आलेत का. एक जरी पायरी करकरत वाकत असेल तर सुतार आणि मग मुस्तफा.

वहिनींचं म्हणणं? जिना वळणाचा असेल किंवा तिघांपैकी एकाचीही पाठ दुखत असेल तर वहिनी बरोबर आहेत. पिनबॉल किंवा पियानो हलवणारे मूव्हर्स बघा, साधे घरसामानवाले नकोत, आणि फोनवर "३०० पौंड, ७० इंच, १३ पायऱ्या वर, १२ खाली" असं सांगा, नुसतं "एक गेम आहे" म्हणू नका, दोन बारीक पोरं येतात मग. (मशीनच्या आतल्या गेमच्या बोर्डावर एक बॅटरी असते, ती मेली की गेम जातो. घरी आल्यावर जुन्या आर्केडची कामं करणाऱ्याला दाखवून घ्या.)

प्रश्न : दादा, डोंबिवली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तीच तीन चाकांची ट्रॉली मी घेऊन बसलेय, फ्रिज चढवता येईल का?

उत्तर : नाही ताई. भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलो, २० लिटरचा पाण्याचा जार, याला ती ट्रॉली सोन्यासारखी आहे, त्यासाठीच ठेवा. डबल डोअर फ्रिजला आपल्या जिन्याचं वळण अरुंद पडतं, तिथे ट्रॉली वळतच नाही. दोन हमाल बोलवा, पट्टा लावून नेतात, गोदरेजची कपाटं त्यांनी अशाच जिन्यांवरून चढवलीत. फक्त भाव मजल्याप्रमाणे खाली उभं असतानाच ठरवा, दुसऱ्या मजल्यावर फ्रिज टेकवून घासाघीस सुरू झाली की तुमचंच चुकतं. आणि आतल्या काचा आधी काढा.