लैंगिक संबंधांबद्दलचे कोणते गैरसमज खरोखर महागात पडतात?

तुम्ही विचारलंय की जोडीदार गर्भनिरोधक गोळ्या न चुकता घेते, दोघांनाही काही त्रास नाही, मग कंडोम कशाला? आणि लोकांचे आणखी काय काय गैरसमज असतात?

मी बरीच वर्षं एचआयव्ही चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन करते. डास चावून एड्स होतो असं मानणारे आता क्वचितच भेटतात. माझ्यासमोर बसतात ते अर्धं बरोबर माहीत असलेले, आणि त्यांचीच समजूत घालणं अवघड.

तुमचंच बघा. गोळी गर्भधारणा टाळते, हे खरंच आहे. पण ती मुख्यतः अंडोत्सर्ग, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणं, थांबवते; जंतूंना ती अडवत नाही. आणि ‘काही त्रास नाही’ यावर तर अजिबात विसंबू नका. क्लॅमिडिया हा संबंधातून पसरणारा संसर्ग झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही, आणि तो गर्भनलिकांपर्यंत पोचला तर पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. सिफिलिसची पहिली जखम साधारण तीन आठवड्यांनी उठते, बहुधा दुखत नाही आणि औषध न घेताही भरून येते. माणूस म्हणतो, सुटलो. जंतू मात्र अंगातच मुक्काम ठोकून असतात.

एक मुलगा आठवतो. संबंध आल्यानंतर चौथ्या दिवशी काढलेला एचआयव्हीचा निगेटिव्ह रिपोर्ट त्याने चार घड्या घालून पाकिटात ठेवला होता. इतक्या वेळा उघडून पाहिलेला की घडीवरची अक्षरं उडाली होती. त्याला सांगावं लागलं की हा कागद त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी अँटिजेन (विषाणूचा अंश) आणि अँटिबॉडी (शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं) शोधणारी चाचणीसुद्धा लागण पकडायला १८ ते ४५ दिवस घेते, आणि फक्त अँटिबॉडी बघणाऱ्या झटपट चाचण्यांना ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. खरी हळहळ वेगळीच. जोखमीच्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची औषधं असतात, त्यांना पेप म्हणतात. ती मुदत त्याने घाबरण्यात घालवली. ९० दिवसांनंतरचा रिपोर्टही निगेटिव्ह आला, पण ते त्याचं नशीब.

आता कंडोम. ‘ते काय, फाटतातच’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आमच्या प्रशिक्षणातला एक प्रयोग सांगतेच. लेटेक्सचा कंडोम फुग्यासारखा फुगवायचा आणि बोटाला तेल लावून त्यावर चोळत राहायचं. थोड्याच वेळात फट्! आणि हेच तेल, पेट्रोलियम जेली किंवा अंगाला लावायचं लोशन लोक वंगण म्हणून वापरतात. लेटेक्सला पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंटच चालतं. दोन कंडोम एकावर एक घालणारेही भेटतात. त्याने सुरक्षा दुप्पट होत नाही, उलट घर्षणाने फाटण्याचीच भीती. दर वेळी सुरुवातीपासून आणि नीट वापरला तर वर्षभरात १०० पैकी साधारण २ जोडप्यांत गर्भ राहतो. प्रत्यक्षात लोक जसा वापरतात तसा धरला तर १३. मधला फरक आपल्या हातांचा.

वेळेवर बाहेर काढण्याची पद्धत तर त्याहून कच्ची, १०० पैकी सुमारे २० जोडप्यांना वर्षभरात दिवस जातात. ‘सुरक्षित दिवस’ मोजणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत तग धरू शकतात आणि पाळी काही कॅलेंडर बघून येत नाही.

दुसऱ्या दिवशीची गोळी, म्हणजे संबंधानंतर घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी, ही गर्भपाताची गोळी, हाही घोटाळा नेहमीचाच. ती अंडोत्सर्ग लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. आणि घेतल्यानंतर पुन्हा संबंध आला तर त्याला तिचा आधार धरू नका.

कंडोमने सगळंच अडतं असंही नाही. जननेंद्रियांचा हर्पिस आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) कातडीला कातडी लागूनही पसरतात, त्यामुळे कंडोमने त्यांचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. एचपीव्हीची लस आहे, मुलग्यांनाही देतात, आणि पहिल्या संबंधाआधी घेतली तर तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

एक गैरसमज मात्र उलट्या दिशेचा, आणि मला तोच जास्त टोचतो. एचआयव्ही असलेल्या माणसाशी संबंध म्हणजे लागण ठरलेलीच, असं शिकलेसवरलेलेही मानतात. नियमित औषधांनी ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडण्याच्या खाली गेला आणि तिथेच टिकला, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे सांगितल्यावर समोरच्या जोडप्यातलं कुणीतरी हमखास विचारतं, “पुन्हा एकदा सांगता?” मी पुन्हा सांगते.

तर तुम्ही दोघं आधी तपासून घ्या, आणि चाचणीची मुदत उलटून रिपोर्ट हातात येईपर्यंत गोळीसोबत कंडोमही चालू ठेवा. चाचणीला गेल्यावर नुसतं ‘रक्त तपासा’ म्हणून येऊ नका. एचआयव्ही आणि सिफिलिस रक्तात कळतात, पण क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी लघवीचा नमुना किंवा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला स्रावाचा नमुना) द्यावा लागतो, आणि तो मागितल्याशिवाय बरेचदा कुणी घेतही नाही.