सरकारी शाळांनी नेमक्या कोणत्या सणांना सुट्टी द्यावी?

तुम्ही विचारलंय की तुमच्या मुलाच्या जिल्हा परिषद शाळेच्या यादीत पारशी नववर्ष आहे आणि बैलपोळा नाही. गावात पारशी माणूस औषधालाही सापडणार नाही, बैल मात्र घरोघरी. मग ही यादी करतं कोण, आणि तिच्यात कोणते सण असायला हवेत?

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, शेवटची वर्षं मुख्याध्यापिका होते. या यादीवरून मी जितकी भांडले तितकी पगारवाढीवरूनही भांडले नाही. त्यामुळे लांबण लागणार आहे.

आधी पारशी नववर्षावरचा राग सोडा. ती सुट्टी तुमच्या शाळेनं ठरवलेली नाही. परक्राम्य संलेख अधिनियम 1881 (चेक-हुंड्यांचा कायदा), कलम 25 खाली राज्य सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करतं, त्यातून ती येते. शिवाय 2024 आणि 2025 मध्ये हा दिवस 15 ऑगस्टलाच आला, म्हणजे शाळेचा वेगळा दिवस गेलाच नाही. तुमचा पोळा पारश्यांनी खाल्लेला नाही.

तो गणितानं खाल्लाय. माध्यमिक शाळा संहितेच्या नियम 52.2 चा हवाला देऊन दरवर्षी परिपत्रक निघतं: सगळ्या मिळून 76 पेक्षा जास्त सुट्ट्या नकोत आणि कामाचे दिवस किमान 230 भरायला हवेत. (2009 चा शिक्षण हक्क कायदा याहून कमी मागतो, पहिली ते पाचवी 200 आणि सहावी ते आठवी 220.) 365 मधून 52 रविवार आणि 76 सुट्ट्या काढा, 237 राहतात. वर हातात सात. ते अतिवृष्टी, शाळेतलं मतदान केंद्र, कुणातरी नेत्याचं निधन यात जातात. उन्हाळ्याची सुट्टी 2 मे ते 14 जून धरली तर रविवार सोडून 37-38 दिवस तिथंच संपले. दिवाळीला दोनेक आठवडे. राहिलेल्या वीस-पंचवीस दिवसांत अख्ख्या महाराष्ट्राचे देव, महापुरुष, ईदा आणि अमावास्या बसवायच्या. "पोळा घाला" म्हणणाऱ्यानं "काय काढू" हेही सांगायला हवं. ते कुणी सांगत नाही.

मी सांगते. यादी हजेरीपटावरून करा. ज्या दिवशी शाळा उघडी ठेवूनही वर्ग रिकामा राहतो, तो सण. बाकीचे दिनविशेष, त्यांना परिपाठात जागा आहे.

या हिशेबानं 2 ऑक्टोबरला शाळा भरायला हवी. गांधीजयंतीला कुणाच्या घरी गोडधोड शिजत नाही, कुणी नवे कपडे घेत नाही. पोरं दिवसभर उंडारतात आणि गरिबाघरच्या पोराची त्या दिवशीची खिचडी बुडते. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज 100 ग्रॅम तांदूळ असतो, तो सुट्टीला शिजत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्या असा आदेश दिला, तो काही उगाच दिला नव्हता. उलट 3 जानेवारी बघा. सावित्रीबाईंच्या जयंतीला सुट्टी नसते, आणि शाळेत सगळ्यात चांगली साजरी होते ती हीच जयंती. का, तर मुली तिथं हजर असतात!

उत्तर प्रदेशनं 2017 मध्ये जयंती-पुण्यतिथीच्या 15 सुट्ट्या एकदम काढल्या. मला तो निर्णय पटला होता, आणि त्यावरून मी घरातही बोलणी खाल्ली आहेत. पण 14 एप्रिलला मी हात लावणार नाही. तो दिवस बौद्ध घरांमध्ये खराखुरा सण आहे. मिरवणूक असते, नवे कपडे असतात, पाहुणे असतात. त्या दिवशी शाळा उघडलीत तर अर्धा वर्ग येणार नाही. हजेरीपटाची कसोटी तिथंही बरोबर लागते.

आता होळी. खरं तर तुमचा प्रश्न पोळ्याचा आहे, पण मला होळीबद्दलच बोलायचंय.

माझी बरीच नोकरी सातपुड्यातल्या पाड्यांवर झाली. सरकारी यादीत होळीला एक दिवस, धुळवडीचा. सातपुड्यात होळी एका दिवसात मावत नाही. आधीचा आठवडा भोंगऱ्याचा, म्हणजे होळीआधी भरणाऱ्या जत्रेसारख्या बाजाराचा, आज या गावी तर उद्या त्या गावी. मग होळ्या पेटतात, त्याही गावोगाव वेगवेगळ्या रात्री. नवस असलेली माणसं बुध्या होतात, बावा होतात, अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं. ते व्रत करणाऱ्यांना त्या काळात खाटेवरसुद्धा झोपता येत नाही. ज्या घरात बाप असा सजून रात्रभर नाचतोय, त्या घरातलं पोर सकाळी साडेदहाला पाटी घेऊन शाळेत येईल ही अपेक्षा फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी बसून करता येते.

मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले त्या वर्षी होळीच्या आठवड्यात पटावर चाळीसच्या वर मुलं आणि वर्गात चौघं. त्यातली दोघं अंगणवाडी सेविकेची. खिचडी चौघांसाठी शिजली. आमच्याकडे एक ज्येष्ठ गुरुजी होते, त्यांनी शांतपणे हजेरी भरायला घेतली. सगळ्यांची. "मॅडम, कोण बघायला येतंय? आणि गैरहजेरी लावली तर मुलींचा भत्ता जाईल, पाप तुम्हालाच लागेल." आदिवासी, गरीब घरांतल्या मुलींना तेव्हा हजेरीमागं दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता असायचा, तो हा. बोलणं एवढं सोज्वळ की क्षणभर मलाही पटलं. मग लक्षात आलं की हजेरी भरली की तांदूळही कागदोपत्री खर्ची पडतो. मी पट माझ्याकडे घेतला आणि आमचं जे बिनसलं ते आजपर्यंत.

जूनमध्ये मुख्याध्यापकाच्या अधिकारातल्या दोन सुट्ट्या ठरवायला बैठक घेतली. (बहुतेक पालकांना हे माहीतच नसतं की असे दोन दिवस शाळेच्या हातात असतात.) एकाला गौरी विसर्जनाचा दिवस हवा होता, एकाला संक्रांतीची कर. गुरुजींना दिवाळीच्या सुट्टीला जोडून दोन्ही. मी म्हटलं, दोन्ही दिवस भोंगऱ्याला. एकदम शांतता. मग गुरुजी म्हणाले, "आपल्यात कोण भोंगऱ्या करतं?"

हे "आपल्यात" मला झोंबलं. आपल्यात म्हणजे चार शिक्षक. चौघंही पठारावरून आलेले, शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी गाठणारे. पटावरच्या चाळीस मुलांमध्ये एकाही घरात गौरी बसत नव्हती. तालुक्या-तालुक्यात सुट्ट्यांच्या याद्या अशाच होतात, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते: सण मुलांचा बघत नाहीत, मास्तरांच्या गावाला जाणाऱ्या गाडीचा बघतात.

मी ठराव शाळा व्यवस्थापन समितीकडे नेला. या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका, कायद्यानंच. एरवी समितीच्या सह्या घरोघरी वही फिरवून घेतात. त्या दिवशी मी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं. दोन दिवस भोंगऱ्याला, आणि दिवाळीतले चार दिवस कापून होळीला. एका मुलाची आई म्हणाली, "बाई, होळीला पोरं घरी नसली तर कुठं असतील? तुम्हीच उगाच शाळा उघडून बसता." ठराव पाच मिनिटांत पास झाला.

नियमात बसत होतं का? बसत होतं. त्याच वार्षिक परिपत्रकात लिहिलेलं असतं की उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी कमी करून ती गणेशोत्सव, नाताळ यांसारख्या सणांना शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं घेता येते. कोकणात शाळा गणपतीला बंद असतात त्या याच वाटेनं. कोकणाला गणपती चालतो तर सातपुड्याला होळी का नको, असं एक पानी पत्र मी केंद्रप्रमुखांमार्फत पाठवलं. पत्र वर गेलं आणि खाली आलंच नाही. विस्तार अधिकारी भेटीला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "तुमचे सहकारी नाराज आहेत, जरा सांभाळून घ्या." दिवाळी कापायची म्हटल्यावर कोण नाराज होणार होतं हे सांगायला नकोच.

तेव्हा दोन दिवस मिळाले, चार नाही मिळाले. पुढच्या होळीला पहिले दोन दिवस शाळा कायदेशीर बंद, आणि नंतरचे चार दिवस वर्ग नेहमीसारखा रिकामा. मी खरी गैरहजेरी लावली. त्यावर खुलासा मागवला गेला, मी दिला, तो फायलीला लागला.

आता गंमत ऐका. तेच गुरुजी निवृत्त झाल्यावर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी लिहितात की देशाचं वाटोळं सुट्ट्यांनी केलं, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट सोडून सगळ्या बंद करा. नोकरीत असताना दिवाळीतला अर्धा दिवस सोडवला नाही! आणि "सण बदलता येत नाहीत, शासन निर्णय असतो" हेही त्यांचंच पालुपद. बदलता येतात की. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले. मिरवणुका वेगळ्या ठेवायचं ठरलं आणि राज्य सरकारनं ईदची सुट्टी 29 तारखेला नेली. ज्यांच्या मिरवणुकीची शहरात दखल घ्यावी लागते त्यांच्यासाठी तारीख हलते. पाड्यावरच्यासाठी खुलासा मागवतात.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात, नाहीतर कुणी माझी कसोटी जशीच्या तशी उचलेल.

एक, हजेरीपटाचा नियम एकट्यादुकट्या मुलाच्या विरोधात वापरू नका. शाळेत एकच मुसलमान मुलगी असली तरी ईद सुट्टीच असायला हवी, एकच ख्रिस्ती मुलगा असला तरी नाताळ. सरकारी यादी असते ती यासाठीच. गावाच्या बहुमतावर सोडलं तर त्या मुलाला आपल्याच सणाला रजेचा अर्ज लिहावा लागेल. म्हणून सरकारी यादीच्या मुळावर उठू नका; गावाचा सण दिवाळी-उन्हाळ्याच्या लांब सुट्टीतून काढा.

दुसरी गोष्ट माझ्याच विरोधात जाते. आमच्याकडची बरीच घरं थंडीत ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. म्हणजे जी मुलं महिनोन् महिने शाळेत दिसत नाहीत, ती नेमकी त्याच आठवड्यात गावात असतात आणि मी शाळा बंद ठेवा म्हणते. गुरुजींना हा मुद्दा कधी सुचला नाही, सुचला असता तर मी अडचणीत आले असते. माझं उत्तर असं की ती मुलं तशीही वर्गात येत नाहीत, पण बाजारात भेटतात. मी भोंगऱ्यात फिरून कितीतरी मुलांची नावं, आई-बाप कुठल्या मुकादमाकडे आहेत, कधी परतणार, हे लिहून घेतलंय. उघड्या शाळेत बसून मला त्यातलं एकही नाव मिळालं नसतं.

आता तुमचा पोळा. हे वाद यादी छापून आल्यावर करू नका, तेव्हा कुणी ऐकत नाही. एप्रिलमध्येच शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. मुख्याध्यापकांच्या दोन दिवसांपैकी एक पोळ्याला मागा, कारण तेवढ्यासाठी वर विचारावं लागत नाही. गेल्या दोन-तीन पोळ्यांची हजेरी बघायला मागा आणि तो आकडा ठरावात लिहा. जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात स्थानिक सुट्ट्याही असतात. नागपूरला तान्हा पोळ्याची सुट्टी तशीच मिळते. पण तिथं एकट्या गावाचं चालत नाही, तालुका जमवावा लागेल. आणि बैठकीत बायकांना बोलू द्या, पोळ्याला शाळेत पोर पाठवायचं की नाही हे घरात त्याच ठरवतात.

हजेरी दाखवायला कुणी खळखळ केली तर समजा की पोळ्याच्या दिवशी वर्ग कागदावर भरलेला आहे. मग सुट्टीच्या आधी तेवढंच विचारा. आणि गुरुजी, तुम्ही हे वाचत असाल तर सुट्ट्यांवर तुमच्याशी पुन्हा वाद घालायला मी तयार आहे, पण त्या होळीच्या आठवड्यात तुम्ही चाळीस जणांची हजेरी का भरायला घेतली होतीत, तिथून सुरुवात करू.