परक्या सैन्याच्या जोरावर सत्ता पालटली तर देश सुधारतो का?
क्वचितच. हुकूमशहाला खाली खेचायला काही आठवडेही पुरतात. पण नंतर पगार कोण देणार, पोलीस कोणाचे, हे कोणी ठरवलेलंच नसतं. इराकमध्ये सद्दाम हुसेनला हटवल्यावर मे २००३ मध्ये अमेरिकेने तिथलं अख्खं सैन्यच बरखास्त केलं. लाखो प्रशिक्षित सैनिक रातोरात बेकार झाले आणि त्यातले कित्येक बंडखोरांना जाऊन मिळाले. लिबियात २०११ साली नाटोच्या, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीच्या, विमानांनी तिथला हुकूमशहा गद्दाफी याच्या विरोधकांना साथ दिली. पुढे तिथे दोन सरकारं झाली, एकामागे रशिया, दुसऱ्यामागे तुर्कस्तान.

आमच्या कुर्ल्याच्या चाळीतले एक काका लिबियाच्या राजधानीत, त्रिपोलीत, वेल्डर होते. २०११ च्या त्या लढाईत एका पिशवीनिशी परतले, चार महिन्यांचा पगार बुडाला. पण त्यांच्या तोंडी एकच असायचं, "आपण सुटलो रे, तिथल्या पोरांनी कुठे जायचं?"