विद्यापीठाशी करार करताना आधी भाषा आणि हंगाम पाहा

तुमचा प्रश्न असा आहे: शिरोळ-हातकणंगले भागात तुमची संस्था दिव्यांगांच्या घरोघरी पुनर्वसनाचे काम करते. कन्नड आणि दखनी बोलणारी घरे आणि ऊसतोड टोळ्या त्यातून सुटतात. विद्यापीठाशी करार केला तर फरक पडेल का?

पडेल. पण ‘विद्यार्थी किती मिळणार’ इथून बोलणी सुरू केलीत, तर तीच घरे पुन्हा सुटतील.

पहिली मागणी प्रश्नावलीची करा. सर्वेक्षणाला बरेच जण वॉशिंग्टन ग्रुपचे (दिव्यांगत्वाच्या आकडेवारीसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या गटाचे) ६ प्रश्न वापरतात: दिसणे, ऐकू येणे, चालणे, लक्षात राहणे, स्वतःची कामे, संवाद. सहाव्या प्रश्नात ‘तुमच्या नेहमीच्या भाषेत बोलताना’ हे शब्द मुळातच आहेत. घाईच्या मराठी भाषांतरात नेमके तेच गळतात. मग मराठी न येणारी कन्नड आजी संवादाची अडचण असलेली म्हणून नोंदली जाते, आणि खरोखर बोलता न येणारा नातू ‘लाजतो’ म्हणून राहून जातो. उत्तराच्या ४ पायऱ्यांतला ‘थोडी अडचण’ आणि ‘खूप अडचण’ हा फरक प्रत्येक बोलीत वेगळा तपासावा लागतो, कारण दिव्यांग म्हणून मोजणी ‘खूप’पासून धरतात. भाषांतर करून घ्या, दुसऱ्याकडून ते उलट मराठीत आणा, मग प्रत्येक भाषेतल्या ६-८ जणांना विचारून ‘तुम्हाला काय समजलं?’ हे लिहून घ्या. हे काम विद्यापीठाला नीट जमते, संस्थेला एकटीला जड जाते. प्रश्न विचारताना ‘अपंग’ किंवा ‘दिव्यांग’ हा शब्द आधी उच्चारू नका, माणसे लगेच ‘आमच्यात कुणी नाही’ म्हणतात.

दुभाषी म्हणून घरातले मूल नको आणि टोळीत मुकादम (मजूर आणणारा ठेकेदार) तर नकोच. त्याच्यासमोर कोयत्याच्या उचलीवर (ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांवर) असलेली बाई मुलाचा आजार सांगणार नाही. वस्तीतल्याच बायका घ्या आणि त्यांचे मानधन करारात वेगळ्या ओळीत लिहा. ‘स्वयंसेवक’ म्हटले की महिन्याभरात त्या दिसेनाशा होतात.

वेळापत्रक सगळ्यात जास्त गोंधळ घालते. टोळ्या साधारण दिवाळीच्या आसपास येतात, तेव्हा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा किंवा सुट्ट्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात. म्हणून प्रशिक्षण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरका, सर्वेक्षण डिसेंबरात संध्याकाळी कोप्यांवर (टोळ्यांच्या झोपड्यांवर) करा, जानेवारी-फेब्रुवारी उपचाराला ठेवा. टोळी निघण्याआधी घरच्यांच्या हातात व्यायामाचा चित्रांचा कागद आणि दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राच्या (UDID कार्डाच्या) अर्जाची प्रत द्या. ते कार्ड देशभर चालते.

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना आधी घर बघायला पाठवा. ‘खुर्चीवरून १० वेळा उठा’ असे लिहिलेला कागद कोपीत निरुपयोगी आहे, तिथे खुर्ची नसते. पाटावरून किंवा घडी घातलेल्या पोत्यावरून उठायला शिकवा. पावलाला आधार द्यायला बुटात बसवलेली पट्टी उंबऱ्याशी निघते आणि दिवसभर कोपऱ्यात पडते, कारण घरात चप्पल चालत नाही. घरात वापरायला स्वच्छ सँडलची वेगळी जोडी द्या. जयपूर फूट अनवाणी चालता यावे आणि उकिडवे बसता यावे म्हणूनच तसा घडवला गेला. कर्णबधिरांसाठी भारतीय सांकेतिक भाषा शिकवायला कर्णबधिर प्रौढच बोलवा.

संमती तोंडी घ्यायची असेल तर विद्यापीठाच्या नीतिशास्त्र समितीकडून तसे आधीच मंजूर करून घ्या. माहिती कुणाकडे राहणार, हेही लिहा: नावे संस्थेकडे, विद्यापीठाच्या विभागाकडे फक्त क्रमांक.

आणि करार संपल्यावर मानधन कुठून येणार, हे पहिल्याच बैठकीत विचारा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. अंदाजपत्रक ठरण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) लेखी मागणी द्या आणि पोच घ्या.