वेअरवुल्फमधला ‘वेअर’ आणि यास्काचा चंद्र

प्रश्न : सध्या एक इंग्रजी अर्बन फँटसी, म्हणजे आजच्या शहरात घडणारी अद्भुत कादंबरी, वाचतेय. नायक खासगी डिटेक्टिव्ह आहे आणि वेअरवुल्फही, म्हणजे लांडगा होणारा माणूस. मैत्रिणीला गोष्ट सांगताना मी ‘इच्छाधारी लांडगा’ म्हणाले, तर ती हसत सुटली. मराठीत नेमकं काय म्हणावं? आणि त्यातल्या ‘वेअर’चा अर्थ काय?

उत्तर : मैत्रीण हसली ते योग्यच झालं. टीव्हीवरच्या नागिणींनी हा ‘इच्छाधारी’ आपल्या बोकांडी बसवला आणि आता रूप बदलणारा जो दिसेल तो इच्छाधारी. अहो, मनात येईल तेव्हा मनात येईल ते रूप घेतो तो इच्छाधारी. संस्कृतात त्याला कामरूपी म्हणतात. मारीच कामरूपी, हनुमानही कामरूपी. वेअरवुल्फचं दुखणं नेमकं उलटं आहे, त्याला विचारतो कोण? पौर्णिमा आली की साक्षीदाराची जबानी अर्धी टाकून बिचाऱ्याला अंधारात पळावं लागतं. हल्लीचे काही लेखक नायकाला हवं तेव्हा बदलण्याची सवलत देतात म्हणे. तुमच्या नायकाला ती मिळालेली असेल तर तेवढ्या कादंबरीपुरतं इच्छाधारी म्हणा, माझी हरकत नाही. ‘मानवी भेडिया’ मात्र नको. हिंदीवाल्यांनी लांडग्याला त्याच्या खाद्यावरून, भेड म्हणजे मेंढीवरून नाव दिलं. आपल्याकडे ‘लांडगा आला रे आला’ म्हणत पिढ्या वाढल्या, लचके तोडण्याला ‘लांडगेतोड’ हा खणखणीत शब्द आहे, आणि तरी शब्द उसना आणायचा?

आता ‘वेअर’. इंग्रजी व्याकरणातल्या ‘वॉज-वेअर’शी त्याचा काडीचाही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘वेर’ म्हणजे पुरुष. ‘मान’ म्हणजे कोणीही माणूस, बाई असो वा बुवा. बाप्या तेवढा ‘वेर’. पुढे ‘मान’ने बाप्याची जागा बळकावली आणि ‘वेर’ कोपऱ्यात गेला. या ‘वेर’चाच भाऊ लॅटिनमधला ‘विर’, आणि आपल्या घरातला भाऊ ‘वीर’. वीर म्हटलं की आपल्याला तलवार दिसते, पण वेदातला वीर बऱ्याचदा नुसता पुरुष किंवा मुलगा असतो. ‘बृहद्वदेम विदथे सुवीराः’ यात ऋषी चांगले मुलगे मागतो आहे, पलटण नव्हे. आणि गंमत पाहा, इंग्रजीतला ‘वर्ल्ड’ही यातूनच निघाला : वेर म्हणजे पुरुष, त्याला जोडलेला शब्द वयाचा, काळाचा. ‘माणसाचं युग’ ते वर्ल्ड. दिवसातून वीसदा हा शब्द तोंडी येतो आणि आत वीर बसलाय हे कुणाच्या गावी नसतं.

‘वुल्फ’ तर उघडच संस्कृतातला वृक, म्हणजे लांडगा. फारसीत ‘गुर्ग’, रशियनमध्ये ‘वोल्क’, लिथुआनियनमध्ये ‘विल्कास’, ग्रीकमध्ये ‘लुकोस’, सगळे एका बिळातले. इराणात गोर्गान नावाचं शहर आहे, प्राचीन वर्काना प्रांताचं नाव अंगावर वागवणारं. म्हणजे वृकांचा मुलूख. तेव्हा वेअरवुल्फ हा अक्षरशः ‘वीर-वृक’. फ्रेंचांनी तर कमाल केली. हाच शब्द त्यांच्याकडे झिजून ‘गारू’ झाला, त्यातला लांडगा ओळखू येईना, म्हणून त्याच्याआधी आणखी एक लांडगा, ‘लू’, जोडून ‘लू-गारू’. आपला पिवळा पीतांबरच.

काही विद्वानांना ही सरळ व्युत्पत्ती पचत नाही. ‘वेर’ हा पुरुष नव्हे, ते ‘नेसणे-पांघरणे’ या अर्थाचं क्रियापद, म्हणजे लांडग्याचं कातडं पांघरणारा तो वेअरवुल्फ, असं ते सुचवतात. उत्तरेकडच्या कथांत कातडं पांघरणारे आहेत, मान्य. 1589 मध्ये जर्मनीत कोलोनजवळ पेटर स्टुम्प नावाच्या माणसाला हालहाल करून मारलं, तेव्हा त्याच्या कबुलीत सैतानानं दिलेला कमरपट्टा होता, तेही मान्य. पण कथेत कातडं आहे म्हणून शब्दातही ते असायलाच हवं? टिलबरीचा गर्व्हेस हा मध्ययुगीन इंग्रज लेखक 1210 च्या सुमारास लॅटिनमध्ये स्वच्छ लिहून गेलाय की इंग्रजांच्या भाषेत ‘वेरे’ म्हणजे पुरुष आणि ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा. शब्द जिवंत असताना, ज्याच्या कानावर तो पडत होता त्याचं ऐकायचं, की सातशे वर्षांनी अभ्यासिकेत बसून तर्क लढवणाऱ्याचं?

याच गर्व्हेसपाशी थांबायला हवं. पौर्णिमा आणि वेअरवुल्फ ही जोडी हॉलिवूडची, असं ठणकावून सांगणारे जाणकार प्रत्येक गप्पाष्टकात एक तरी असतात. ठरलेल्या पौर्णिमेचा नियम सिनेमानं पक्का केला, एवढंच खरं. इंग्लंडात ‘चांद्रमासांनुसार’ माणसं लांडगे होताना आम्ही पुष्कळदा पाहिली आहेत, असं गर्व्हेस सिनेमाच्या सातशे वर्षं आधी सांगतो. चंद्र तेव्हापासून आहे.

आणि आपल्याकडे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून! ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते हे. वेदातल्या अवघड शब्दांची फोड करणारा प्राचीन पंडित यास्क आपल्या ‘निरुक्त’ ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात म्हणतो, ‘वृकश्चन्द्रमा भवति’. वृक म्हणजे चंद्र! का, तर त्याचा प्रकाश ‘विवृत’ असतो, उघडा असतो म्हणून. किंवा विकृत, किंवा विक्रान्त. यास्क एका व्युत्पत्तीवर कधी भागवत नाही. त्याच्यापुढे ऋग्वेदातली ओळ आहे (1.105.18) : ‘अरुणो मा सकृद् वृकः पथा यन्तं ददर्श हि’. पदपाठ करणाऱ्या, म्हणजे वेदातले शब्द सुटे करून मांडणाऱ्या शाकल्यानं तिथे ‘मा’ आणि ‘सकृत्’ असे दोन तुकडे पाडले. अर्थ सरळ : तांबूस लांडग्यानं मला एकदा वाटेनं जाताना पाहिलं. यास्क ते दोन तुकडे जोडून टाकतो. ‘मासकृत्’, महिने घडवणारा! मग तोच तांबूस लांडगा आकाशात चढतो आणि महिने-पंधरवडे मोजणारा चंद्र होतो. एक जागा सोडली तर लांडगा, मिटवली तर चंद्र.

आधुनिक भाष्यकार इथे यास्काला हसतात. ओढाताण आहे, ‘मला’ हा साधा अर्थ समोर असताना महिने कशाला, वगैरे. व्याकरणाच्या हिशेबानं शाकल्याचं पारडं जड आहे, ते मी नाकारत नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे. यास्काला ही ओढाताण करावीशी का वाटली? कोल्हा, अस्वल, तरस यांतला कुणी त्यानं चंद्राला जोडला नाही, नेमका वृक जोडला. रात्री माळावर फिरणारा हा प्राणी आणि डोक्यावरचा चंद्र यांची सांगड लोकांच्या मनात आधीच असली पाहिजे आणि यास्कानं तिला शब्दाचा आधार दिला, असं मी धरून चालतो. पुरावा मागाल तर गर्व्हेसचे चांद्रमास दाखवीन. दोघांत दीड हजाराहून अधिक वर्षं आणि अर्धी पृथ्वी आहे, म्हणून योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

रूपबदल हवा असेल तर तोही वेदाच्या अंगणात सापडतो. ऋग्वेदातल्या ऋज्राश्वानं एका लांडगीसाठी शंभर मेंढे कापले, म्हणून बापानं त्याला आंधळं केलं आणि अश्विनांनी, म्हणजे अश्विनीकुमारांनी, त्याला डोळे परत दिले. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य सांगतात, ती लांडगी म्हणजे रूप पालटून आलेलं अश्विनांचं गाढव. आता बोला!

तर मग ‘नरवृक’ म्हणावं का? संस्कृताळलेल्या मंडळींचा हा आवडता तोडगा, आणि तो पाणिनीनंच अडवून ठेवला आहे. ‘उपमितं व्याघ्रादिभिः’ या सूत्रानं नरव्याघ्र होतो, पण नरव्याघ्र म्हणजे वाघ होणारा माणूस नव्हे, वाघासारखा शूर माणूस. त्या व्याघ्रादी गणात, म्हणजे सूत्राला जोडलेल्या शब्दांच्या यादीत, सिंह आहे, वराह आहे, आणि हो, वृकही आहे. म्हणजे नरवृक म्हणाल तर ती स्तुती होईल, पौर्णिमेला केसही उगवणार नाहीत. वृकोदर भीमाला विचारा, पोट लांडग्याचं असून तो माणूसच राहिला.

उरला ‘लांडगा’. मराठीत समासाचं वजन शेवटच्या पदावर पडतं. मत्स्यकन्या ही कन्या, नागकन्या ही कन्या. तुमचा डिटेक्टिव्ह महिन्यातले बहुतेक दिवस माणूस असतो, त्या न्यायानं ‘लांडगेमाणूस’ व्हायला हवा. पण हा शब्द कानावर पडला की लांडगे आडनावाचे कुणी गृहस्थ डोळ्यांपुढे उभे राहतात. म्हणून ‘माणूसलांडगा’ बरा. जाता जाता : लांडगा हा ‘लांडा’वरून, म्हणजे शेपूट नसलेला यावरून आला असावा असा माझा जुना संशय आहे. लांडग्याला चांगली झुबकेदार शेपटी असते, हा आक्षेप मला पाठ आहे. पण स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं 1844 च्या आपल्या पुस्तकात मध्य भारतातल्या लोकांचा समज नोंदवलाय : मुळी खाऊन वाघ झालेला माणूस आणि खरा वाघ यांतला फरक ओळखायचा तो शेपटीवरून. माणसाच्या वाघाला ती नसते!

डिटेक्टिव्हचं राहिलंच. ‘गुप्तहेर’ लिहू नका, तो परराज्यात पाठवतात. दारावर पाटी लावून गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्यात गुप्त ते काय? हेरणं मात्र त्याचंच काम, तेव्हा नुसतं ‘हेर’ म्हणायला मला आवडलं असतं, पण लोक पुन्हा सरहद्दीपलीकडेच बघतील. डिटेक्टिव्हच राहू द्या.